धुरेकऱ्याला आधी विचारावं

बुलढाणा,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना,

पुष्पांजलीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. विनंती विशेष अशी की मी सुखरूप आहे आणि जेवण वेळेवर होतं. होस्टेलच्या भाजीत तिखट कमी असतं, पण हे आईला सांगू नये. ती लोणच्याची बरणी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवेल आणि मला स्टँडवर उभं राहावं लागेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं राखीवहिनी म्हणतील. फोनवर माझं बाबांना ऐकू येत नाही आणि बाबांचं अख्ख्या रोहिणखेडला ऐकू जातं. मागच्या परीक्षेत मी कोणत्या विषयात काठावर पास झाले, हे पानठेल्यावरची माणसं मला अजून विचारतात. तेव्हा वहिनी, हे पत्र हळू आवाजात वाचावं. (हळू वाचलं तर बाबांना ऐकू येणार नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. जसं जमेल तसं करावं.)

आता काळजीचं. एम.ए.च्या वर्गात प्रत्येकाला एकेका इंग्रजी शब्दाचा इतिहास सांगायचा आहे. मी 'नियर' घेतला. नियर म्हणजे जवळ, हे तर आपल्या गोकुळदादालाही माहीत आहे, म्हणून सोपा समजले आणि फसले. फार पूर्वी जवळला 'नाय' म्हणत, आणि 'नियर' म्हणजे त्याहून जवळ. लोक त्याहून जवळलाच नुसतं जवळ म्हणू लागले, आणि मग त्याहून जवळसाठी 'नियरर' हा दुसरा शब्द करावा लागला. सगळ्यांत जवळचा तो 'नेक्स्ट'. त्याला आता लोक पुढचा समजतात. माणसाला कितीही जवळ असलं तरी पुरत नाही, असं मला वाटलं. पण हे पुस्तकात नाही, तेव्हा वर्गात सांगावं की नाही ते ठरत नाही.

शेजाऱ्याला 'नेबर' म्हणतात. त्यातला पहिला तुकडा हाच जवळ, आणि दुसरा म्हणजे जमीन कसून राहणारा. जवळचा शेतकरी! बाबा, ग्रंथालयात हे वाचलं आणि समोर रंगरावकाकाच उभे राहिले. दोन शेतांमधल्या धुऱ्याच्या पलीकडे, कानाला दुपट्टा बांधून, स्वतःच्या बैलाशी तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलताना. पोळ्याला तोरणाखाली कोणाची बैलजोडी आधी गेली, यावरून दोन म्हाताऱ्यांनी इतकी वर्षं अबोला धरावा, हे बरं दिसत नाही. लहान तोंडी मोठा घास घेतला, त्याबद्दल क्षमा असावी.

माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
पुष्पांजली

———

रोहिणखेड,
१४ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव पुष्पांजलीस,

तुझे बाबा निवृत्ती यांचे पोटभर आशीर्वाद. मी त्यांची सून राखी लिहिते आहे. मामाजी सांगतील ते जसंच्या तसं लिहायचं, मास्तरीण व्हायचं नाही, अशी ताकीद आहे.

तर मामाजी सांगतात: पोरी, तुहं पत्र दोनदा वाचून घेतलं. पयल्या वेळी कळलं नाही, दुसऱ्या वेळी पटलं नाही. जवळले जवळ म्हणा, त्याच्यात येवढा इतिहास काऊन लागते? बाकी त्या शब्दाचा अजून काही अर्थ असन तर कळव. राखी म्हणते तिनं मोबाईलवर पाह्यलं, जुन्या इंग्रजीत चिक्कू माणसालेही नियर म्हणत. हे मात्र इंग्रजानं रंगरावले पाहूनच केलं.

त्याच्यासंग बोल म्हणतं, तर आयक. रंगराव शेत विकून राह्यला. बायको गेली तवापासून एकटाच हाय, म्हणून त्याचा पोरगा कुलदीप त्याले शेगावले नेतो म्हणते. पोराचं लॉज हाय तथी. लॉजच्या दारात खुर्ची टाकून देणार, येणाऱ्या भक्तांच्या चपलांवर नजर ठेवा म्हणे. जाऊ दे. मले काय करायचं? उलट बरं होईन. कानाले आराम.

कापूस वेचणं चालू हाय. तूर फुलावर हाय. तुह्या मायनं लोणचं भरलं, कंडक्टर पाहून राह्यली.

बापाचा आशीर्वाद हायच, तो काही कमी-जास्त होत नाही.

निवृत्ती

ता.क. (हे माझं, मामाजींना वाचून दाखवलेलं नाही.) ताई, कानाला आराम वगैरे काही नाही. मामाजी अर्धी भाकर ताटात सोडतात. परवा आभाळ भरलं, तर आपल्या बैलाला चार वेळा ओरडून सांगितलं की पाणी येते, कापूस झाका. बैल काय कापूस झाकणार! पलीकडे रंगरावकाकांनी लगेच ताडपत्री ओढली आणि स्वतःच्या बैलाला म्हणाले, काही लोकांले वाटते आपल्याले डोळेच नाहीत. मामाजी दिवसभर खूश होते.

———

बुलढाणा,
१८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय रंगरावकाकांना,

निवृत्तीची पुष्पांजली हिचा नमस्कार. तुम्ही मला खांद्यावर बसवून बोरं काढू दिली आहेत, त्या ओळखीवर लिहिते. आगाऊपणा वाटला तर कान धरावा.

तुम्ही शेत विकून शेगावला जाणार असं कळलं. तिथे सोय चांगली होईल, याबद्दल शंका नाही. पण अबोला घेऊन जाऊ नये. आपल्याकडची रीत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता: शेत विकायचं तर आधी धुरेकऱ्याला विचारावं. धुऱ्याला धुरा लागलेले बाबाच तुमचे धुरेकरी आहेत. विचारण्याच्या निमित्तानं तरी एकदा समोरासमोर बोला. बाबांना काय वाटतं ते ते कधी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांना वाईट वाटतं.

हे पत्र लिहिल्याचं मी बाबांनाही आजच वेगळ्या पत्रानं कळवलं आहे, कारण चोरून काही केलं की मला झोप लागत नाही.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
पुष्पांजली

———

रोहिणखेड,
२२ नोव्हेंबर २०२५

चि. पुष्पांजलीस,

आशीर्वाद आहेत, पण आज मामाजींनी ते नीट दिलेले नाहीत. पुढचं त्यांच्या तोंडचं.

बाई, तू शिकली की शिकून बिघडली? रीत मले सांगतं? रीतीवरच तर आतालोक, इतके दिवस, गाडं अडवून ठेवलं होतं!

शेत विकाचं त धुरेकऱ्याले आधी विचारा लागते, सोताच्या तोंडानं. मधात माणूस घालून विचारलं त्याले विचारणं म्हणत नाहीत. दोन गिऱ्हाईकं येऊन गेले. दोघंही म्हणे, निवृत्तीले विचारलं का? रंगराव म्हणे, आमचं बोलणं नाही. गिऱ्हाईक वापस. कोणी शायना माणूस धुरेकऱ्याले टाकून शेत घेत नाही, उद्या त्याच्याच संग धुऱ्यावर राहा लागते. म्हणून रंगराव अजून अथीच हाय! तो मले बोलत नाही, मी त्याले बोलत नाही, आन् शेत जागेवर हाय. कुलदीप येते, डोकं खाजवते, जाते.

आता तो तुहं पत्र घेऊन येईन. तोच बोलन. विचारन. मंग मले जबाब द्या लागीन. घ्याची माही ताकत नाही हे तुले माईत हाय. नाही म्हटलं की शेत गेलं. शेत गेलं की रंगराव गेला चपला राखाले. मंग पाणी येते हे मी कोणाच्या आयकण्यात बैलाले सांगू?

पोस्टमननं आमचं पाकीट आधी देल्लं, त्याचं आज-उद्या देते. राखी, हे लिहू नको की मले रात्री...

(इथे मामाजी उठून गेले. सही राहिली.)

———

बुलढाणा,
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय राखीवहिनींना,

नमस्कार. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नका. किंवा दाखवा. मला काहीच कळेनासं झालं आहे.

पोस्टमनकाकांना फोन केला होता. ते म्हणाले की दुसऱ्याचं पत्र परत मागणं कायद्यात बसत नाही. मी म्हणाले की माझंच आहे. ते म्हणाले, पेटीत टाकलं की त्याचं झालं. बरोबर आहे त्यांचं. मीही त्यांच्या जागी दिलं नसतं. समोरचा बरोबर असला की आपण कामातून जातो.

काल वर्गात माझा शब्द झाला. नाय, नियर, नेक्स्ट, सगळं न अडखळता सांगितलं. मग नेबर आला आणि मी पुस्तकात नसलेलं, बाबांचं आणि रंगरावकाकांचं सांगून टाकलं. मुलं हसली. मॅडमही हसल्या, आणि मग त्यांनी विचारलं की तो माणूस दुसऱ्या गावाला गेला, तर त्याला नेबर म्हणायचं का? मी घाईनं आभार मानले आणि खाली बसले. अजून प्रश्न कोणाचे आहेत, असं त्या विचारत होत्या.

वहिनी, काय झालं ते लवकर कळवा. वाईट असलं तरी कळवा. लोणचं मिळालं. कंडक्टरनं अर्ध्या वाटेत एक फोड खाल्ली, हे त्यानं स्वतःच कबूल केलं.

तुमची घाबरलेली नणंद,
पुष्पांजली

———

रोहिणखेड,
७ डिसेंबर २०२५

प्रिय पुष्पाताईंना,

राखीचा नमस्कार. उशीर झाला, कारण रोज वाटायचं की आज शेवट होईल आणि मग एकदमच लिहू.

तुमचं पत्र रंगरावकाकांना शेतातच मिळालं. वाचणारं घरी कोण? ते धुऱ्यापर्यंत आले आणि बैलाला म्हणाले की निवृत्तीच्या सुनेले वाचता येते म्हणतात. मामाजींनी आपल्या बैलाला सांगितलं की सून कामात आहे, आणि संध्याकाळलोक कामातच राहणार आहे. मी तिथेच कापूस वेचत होते. म्हाताऱ्या माणसानं पुढे केलेलं पत्र कसं नाकारणार? धुऱ्यावर उभी राहून वाचलं. मोठ्यानंच, कारण ऐकायला त्यांनाही कमीच येतं. ते रीतीचं वाक्य गाळावं असं मनात आलं होतं. पण ताई, दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि चोरून काही केलं की झोप न लागण्याची तुमची खोड मलाही लागली आहे.

वाचून झालं. मग काकांनी कानाचा दुपट्टा सोडला, बैलाकडे पाठ केली आणि सरळ मामाजींच्या डोळ्यांत बघून विचारलं की निवृत्ती, शेत विकून राह्यलो, तू घेतं का बे?

मामाजींचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता नाही म्हणतात आणि संपलं. ते उभे राहिले, काकांचं शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत असं पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत आहेत, आणि म्हणाले की विचार करून सांगतो.

काकांनी विचारलं, कधीलोक? मामाजींनी उलट विचारलं की रीतीत मुदत सांगितली आहे का. काकांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले की नाही बा, बापजाद्यांकडून मुदत काही ऐकली नाही. आणि त्यांच्या मिशीत जे काही हललं, ते मी पाहिलं.

तेव्हापासून रोज सकाळी काका धुरा ओलांडून येतात आणि विचारतात की झाला का विचार. मामाजी म्हणतात, चालू हाय. मग चहा होतो. मग भांडण होतं. आईंनी त्यांच्या भाकरी इकडेच टाकायला सुरुवात केली आहे.

परवा कुलदीपभाऊ शेगावहून आले. काकांनी त्यांना सांगितलं की रीतीप्रमाणे विचारलं आहे, धुरेकरी विचार करून राह्यला, त्याचा जबाब आल्याशिवाय दुसऱ्याले देणं मले पाप लागीन. भाऊ मामाजींकडे आले. मामाजी म्हणाले की शेत घेणं म्हणजे मेथीची जुडी घेणं हाय का, बाबू? भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी कापसात तोंड घातलं. ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले, पण जाताना वडिलांसाठी आणलेलं स्वेटर ठेवून गेले, आणि रविवारी येत जाईन म्हणाले.

आज हे पत्र लिहायला बसले, तर दोघं ओसरीवरच होते. काका मामाजींना दम देत होते की हरभऱ्याच्या गडबडीत विचार करू नको, डोकं ठिकाणावर नसते, पुढच्या साली निवांत बस. मामाजी म्हणाले, हाव, आन् पुढच्या साली कपाशीचा भाव पाहू, मंग विचाराले लागू.

तुमचा काळजीचा हक्क कायम ठेवून, पण आता थोडं झोपा, अशी विनंती करणारी,

तुमची
राखीवहिनी