सिंधूच्या कमरेची दोरी

लातूर

चि. रामकिशन,
अक्काचा जयभीम.

सिंधू बरी आहे, दोन वेळा जेवते. नवा जिल्हा झाल्यापासून इथं शाळा वाढल्यात. तिचं नाव घातलं. तिच्या आईला, सरजाला सांग, लेकीची काळजी करू नको. गावात टँकर येतो का?

आटलेल्या विहिरीतलं पाणी वाटीनं भरायला तुम्ही तिला दोरीनं खाली सोडलंत आणि वरून माती ढासळली. तेव्हापासून कमरेला दोरी बांधल्याशिवाय ती बसत नाही. दुसरं टोक कुणाला तरी धरावं लागतं. मला ते थेर वाटले. रविवारी मी रागावून दोरी चुलीत घातली. पोरीचा आवाज बंद झाला, ओठ निळे पडले. एवढी मी कधी भ्याले नव्हते. साडीचा काठ फाडून बांधला तेव्हा बोलली, "आत्या, सोडू नको. लई खोल हाय."

'पोर हलकी आहे, दुसरं कुणी उतरत नाही, न्यायला येतो,' असं तू लिहिलंस. येऊ नकोस. आलास तर मी दार उघडणार नाही. आणि तिच्या धाकट्या भावालाही उतरवू नका रे.

हे लिहितानाही काठाचं दुसरं टोक माझ्या डाव्या मनगटाला आहे.

तुझी,
अक्का