शार्दूलची जागा

ती. बाबांस,

शार्दूलच्या वर्षश्राद्धाला मी अन्वीला घेऊन बेसबॉलची मॅच बघायला गेले, हे तुम्हाला फोटोवरून कळलं. "लाज वाटत नाही? पोर बापाला विसरेल अशानं!" असं तुम्ही फोनवर म्हणालात. तेव्हा मी फोन ठेवून दिला. आता ऐका.

हॅनोव्हरमधला हा छोटा क्लब खालच्या लीगमध्ये खेळतो आणि बहुतेक वेळा हरतो. तरी तुमचा मुलगा उन्हाळाभर आम्हाला तिथे न्यायचा आणि त्याच लाकडी बाकावर आम्हा दोघींच्या मध्ये बसायचा. रविवारी मी श्राद्धाचा स्वयंपाक केला, वडे आणि खीर डब्यात घेतली आणि पान वाढलं ते त्याच्या त्या जागेवर.

तेवढ्यात एका जर्मन गृहस्थांनी विचारलं, "ही जागा रिकामी आहे का?"

मी तोंड उघडण्याआधीच अन्वी म्हणाली, "नाइन!" म्हणजे नाही. माझ्या मराठीला कायम जर्मनमध्ये उत्तर देणारी तुमची नात पुढचं मात्र मराठीत बोलली, "इथे माझे बाबा बसतात."

त्यांना शब्द कळले नाहीत. त्यांनी पानाकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि ते खाली गवतावर जाऊन बसले.

त्या परक्या माणसाला कळलं, बाबा. तुम्हाला का कळू नये?

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. दिवाळीत पुण्याला येईन तेव्हा हे सगळं तोंडावर सांगेन. पुढच्या वर्षीही पान तिथेच वाढणार आहे.

नमस्कार करते. माफी मागत नाही.

अरुंधती