टॉवेलाखालची बोटं

४ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक, फक्त भिंगरीचं काही खरं नाही. तुमची ही दहा वर्षांची भाची गोष्ट सांगायला लागली की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. वहीत मात्र अर्ध्या तासात दीड ओळ, तीही तिची तिलाच वाचता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्यात सगळं आहे, हातापर्यंत येताना अडतं. टाइप करायला शिकवा.

मुख्याध्यापिकांनी दहा फेब्रुवारीला चाचणी ठेवली आहे. शाळेच्या कॉम्प्युटरवर एका तासात, स्वतःच्या मनाने एक पान. जमलं तर पुढच्या सगळ्या परीक्षा तशाच देता येतील. नाही जमलं तर पुन्हा पाचवी, म्हणजे धाकट्या भावाच्या वर्गात. परवा पांघरुणात तोंड खुपसून म्हणाली, मी ढ आहे का ते एकदाचं सांगून टाक.

घरात कॉम्प्युटर नाही. तुमचे बंधुराज म्हणाले, ताईने तीस वर्षं कोर्टात टाइप केलंय, तिलाच लिही. म्हणून हा त्रास. माझ्या तक्रारींनी तुमचा लोभ आटू नये.

तुमची वहिनी

११ नोव्हेंबर

प्रिय वहिनीस अ. उ. आ.

भिंगरी ढ असेल तर मी त्या कोर्टात न्यायाधीश होते. हे तिला माझ्या नावाने सांग.

माझा टाइपरायटर पाठवते आहे. जड आहे, आणणाऱ्याला चहा दे. हातांवर जुना टॉवेल टाकायचा, एक टोक मशीनला बांधायचं, दुसरं तिच्या गळ्याशी. नजर समोरच्या भिंतीवर. पहिले पंधरा दिवस फक्त उजवा हात: रस, सार, सारा, सरस. रोज वीस मिनिटं, वर एक मिनिटही नाही. चुकलं तरी थांबायचं नाही.

आणि तू तिच्या मागे उभी राहायचं नाहीस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, चुकलं म्हटल्याशिवाय तुला राहवणार नाही. स्वयंपाकघरात बस आणि टकटक ऐक.

मशीनला तेल आणि मला पत्र, दोन्ही वेळेवर मिळावं.

तुझी थोरली नणंद

१९ डिसेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पहिला आठवडा नुसती आदळआपट. करंगळी दुखते म्हणून टॉवेल दोनदा भिरकावला. तिसऱ्या दिवशी मी मागे जाऊन उभी राहिलेच, आणि चुकलं म्हणालेच. मग बाईसाहेबांनी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. तेव्हापासून मी कान धरून स्वयंपाकघरात.

आता दोन्ही हात चालतात. काल मी शेजारणीशी बोलत राहिले आणि ही टाइप करता करता तिकडून ओरडली की भाजी करपतेय. खरंच करपली होती. इतक्या आनंदाने करपलेली भाजी मी कधी खाल्ली नव्हती.

आठवण ठेवता, तशीच ठेवावी.

तुमची वहिनी

३० जानेवारी

ती. वन्संना सा. न.

घात झाला. आज शाळेत तिला सरावासाठी कॉम्प्युटरवर बसवलं. तिने झोकात ‘सारा’ टाइप केलं आणि पडद्यावर आलं ‘तकरक’. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कॉम्प्युटरचे सर म्हणाले, टाइपरायटरवरच्या आणि इथल्या अक्षरांच्या जागा वेगळ्या. दहा दिवसांत सगळं नव्याने कसं बसणार? ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

खोटं कशाला लिहू, तुमचा राग आला. तरी उत्तर लवकर द्या, एवढा हक्क आहे माझा.

वहिनी

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस अ. उ. आ.

राग आला तो रास्तच. चूक सोळा आणे माझी. मी निवृत्त झाल्यावर तिथे कॉम्प्युटर आले, आणि अक्षरं आपापल्या जागी बसली असतील असं मी धरून चालले. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

काल तडक कोर्टात गेले. माझ्या खुर्चीवर आता बसते ती टायपिस्ट हसली. तीही जुन्या पद्धतीनेच शिकली आहे. कॉम्प्युटरला सांगितलं की तो टाइपरायटरच्या जागा धरतो, दोन मिनिटांचं काम! कसं करायचं ते सोबतच्या कागदावर आहे, सरांना दे. फक्त बटणांवर छापलेली अक्षरं आहेत तशीच राहतील. छापलंय एक, उमटणार दुसरं. बघून टाइप करणाऱ्याला वेड लागेल. पण आपली पोर बघते कुठे?

तिला पोटाशी धर. माझ्यावरचा राग दहा तारखेनंतर काढ.

तुझी नणंद

११ फेब्रुवारी

प्रिय आत्यास शि. सा. न.

हे पत्र मी टाइप केलंय. आईने एकही शब्द सांगितलेला नाही.

सरांनी कागद वाचून कॉम्प्युटर बदलला. मग त्यांनी त दाबला तर स आला. ते म्हणाले, यावर मलासुद्धा एक ओळ जमणार नाही. टॉवेल आत नेऊ दिला नाही. मी खाली बघितलंच नाही.

विषय होता ‘माझी वही’. मी सगळं लिहिलं. उत्तर येत असूनही कोरं पान द्यावं लागतं तेव्हा कसं वाटतं तेपण. दीड पान झालं आणि दहा मिनिटं उरली! मुख्याध्यापिकांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, एवढं सगळं तुझ्या डोक्यात होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी सहावीत जाणार. धाकटा रुसलाय, त्याला मी त्याच्या बाकावर हवी होते.

एक गंमत सांगते. लिहिताना मी समोरच बघत होते ना, म्हणून दाराच्या काचेतून मला आई दिसली. ती रडत होती. मी थांबले नाही. आधी पान पूर्ण केलं, मग मी पण रडले.

माझ्यावर लोभ ठेव आणि वाचायला वेळ ठेव. मी आता खूप लिहिणार आहे.

तुझी भिंगरी