नववा ट्रॅक तुझ्या नावावर

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुला वाटलं असेल, आली बया ताळ्यावर. नाही आले. गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत आहे आणि ऑर्केस्ट्रात परत घे म्हणून गळ घालायला मी लिहीत नाहीये. बातमी अशी की माझा अल्बम निघतोय. माझ्या एकटीचा, पहिलाच, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. कव्हरवर मी आणि माझं अकॉर्डियन, दोघंही सारखीच घड्या पडलेली. फोटोग्राफर म्हणाला, सुरकुत्या पुसून टाकतो. मी म्हटलं, आधी अकॉर्डियनच्या पुसून दाखव. मग त्याने आहे तसाच काढला आणि फोटो चांगला आला.

सोबत पाहुणा म्हणून एक रॉक बँड आहे. कुठला ते तुला सांगायला नको, तुझ्याच घरातून हाकललेला आहे. तुझ्या लेकाने गिटार हातात घेतली तेव्हा तू म्हणाला होतास, पत्र्यावर दगड मारायचे असतील तर रस्त्यावर जाऊन मार. तो रस्त्यावर गेला नाही, आत्याकडे आला. येताना आणखी तिघांना घेऊन आला. गाणाऱ्याला सगळे कावळा म्हणतात, आणि त्याचं गाणं एकदा ऐकलं की कारण विचारावं लागत नाही. ड्रम वाजवणारी पोरगी एवढीशी, बसली की नुसत्या काड्या दिसतात. बेस वाजवणारा बोलतच नाही, फक्त जेवतो. माझ्या बाहेरच्या खोलीत आता सोफा नाही, स्पीकर आहेत. खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर पहिल्या आठवड्यात भांडायला आले. दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाले, सकाळीसुद्धा वाजवा की, पेशंटना ड्रिलचा आवाज ऐकू येत नाही.

या पोरांना नोटेशन वाचता येत नाही. मी जन्मभर तुझ्यासाठी कागद काळे केले, आणि इथे मला वाजवून, गुणगुणून शिकवावं लागतं. पण त्यांची एक रीत मला फार आवडली. ज्याला जो तुकडा सुचला, त्या तुकड्याला त्याचंच नाव. 'कावळ्याचा जिना घे', 'आत्याच्या वळणावर थांब', असं बोलतात. कुणी मोठेपणाने करत नाही, नुसती ओळखायची सोय. पहिल्यांदा 'आत्याचं वळण' ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. तुझ्याकडे इतकी वर्षं वाजवलं, पण माझ्या नावाचं एक वळण कधी ऐकलं नव्हतं.

तुझी रीत वेगळी होती. तालमीच्या खोलीत यायचास, माझ्याकडे बोट करून म्हणायचास, काहीतरी खेळकर दे, काहीतरी राजेशाही दे. आणि खाली सिगारेट ओढायला जायचास. तू वर येईपर्यंत मी काहीतरी बांधलेलं असायचं. तू दारात डोळे मिटून ऐकायचास आणि म्हणायचास, "हां, हेच माझ्या डोक्यात होतं." मागे व्हायोलिनवाले काका गजाला राळ लावत खाली मान घालून हसायचे. आयत्या बिळावर नागोबा, असं ते तुला म्हणायचे, तुझ्या माघारी. मीही हसायचे. घरातलाच नागोबा, जाऊ दे म्हणायचे.

आईची चाल मात्र मी बांधलेली नव्हती. ती आपोआप झाली होती. शेवटी शेवटी आईला श्वास पुरेना, पडून झोप लागेना. तू दौऱ्यावर होतास, त्याबद्दल मी कधी एक शब्द बोलले नाही, कुणीतरी काम करायलाच हवं होतं. मी तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसायचे आणि अकॉर्डियनचा भाता तिच्या श्वासाबरोबर उघडायचे, मिटायचे. मध्येच तिचा श्वास अडकायचा. मी थांबायचे. तो सुटला की पुढचा सूर. कधी कधी तिला खरंच डुलकी लागायची. आई गेल्यावर हे सगळं मीच तुला सांगितलं, तिच्याच स्वयंपाकघरात बसून. मग एकदा तालमीत तू म्हणालास, काहीतरी दुखरं दे. मला दुसरं काही सुचेना, बोटं तीच चाल वाजवायला लागली. तू दारात उभा राहून रडलास. मला वाटलं, आईसाठी रडतोय. म्हणून रेकॉर्डिंगला मी वाजवली, आणि खाली तुझं नाव छापून आलं तेव्हाही गिळून टाकलं. त्या चालीने तुला मोठं केलं. लोक तुला रस्त्यात थांबवून ती गुणगुणून दाखवतात.

पण गेल्या वर्षी तुझा सत्कार झाला. तू माईक हातात घेतलास आणि भरल्या सभागृहाला सांगितलंस की आईच्या उशाशी तू बसला होतास. तिचा श्वास अडकायचा आणि तू थांबायचास. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मी तुझ्या मागे होते, अकॉर्डियन मांडीवर, तुझ्या इशाऱ्याची वाट बघत. दादा, चाल घेतलीस, नाव घेतलंस, ते मी माफ केलं असतं. तू आईजवळची माझी जागा घेतलीस. तेव्हापासून मला तुझा राग येतो असं म्हणणं फार सौम्य होईल. मी तुझा सूड घ्यायचा ठरवला, आणि म्हातारपणी माणसाला एवढा उत्साह येतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ऑर्केस्ट्रा सोडला. तू सगळ्यांना सांगितलंस, तिची बोटं थकली.

अल्बममधले आठ तुकडे माझे आणि पोरांचे आहेत. ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या तुकड्यापुढे. नववा करायचा म्हणून तुझ्या लेकाने ती प्रसिद्ध धून काढली आणि सगळी पोरं त्यांच्या रीतीप्रमाणे विचारत बसली, यात कुणाचं काय? चाल आत्याची. मधला थांबा आजीचा. व्हायोलिनची उत्तरं काकांची, त्यांना फोन करून विचारलं. ठेका आपल्या जुन्या ड्रमवाल्याचा. त्याला आता ऐकू येत नाही तरी टेबलावर जसाच्या तसा वाजवून दाखवतो. शेवटी लेक म्हणाला, मग बाबांचं काय? त्याने ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं, अगदी मनापासून शोधलं. सुरुवातीला 'एक, दोन, तीन, चार' ही तुझी मोजणी सापडली आणि संपल्यावर तुझं 'वा'. एवढंच.

म्हणून नवव्या ट्रॅकवर आम्ही तेवढंच ठेवलंय. कावळा चार आकडे मोजतो, मग मूळ धुनेइतका वेळ काहीच वाजत नाही, मग 'वा'. सगळ्यांत जास्त वेळ याच रेकॉर्डिंगला गेला. इतका दंगा करणारी पोरं, त्यांना हातात वाद्यं धरून गप्प बसवेना. कधी पोरीची काडी पडायची, कधी बेसवाल्याला हसू फुटायचं. तुझा लेक घाम पुसत म्हणाला, "आत्या, बाबांचं काम फार अवघड होतं गं."

आता पत्र का लिहिलं ते सांगते. अल्बम शुक्रवारी येतोय. नवव्या ट्रॅकला त्या धुनेचंच नाव आहे, आणि संगीतकार म्हणून तुझं पूर्ण नाव, कव्हरवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. आईची चाल मी त्यात घातलेली नाही, ती विकायची नव्हतीच कधी. शनिवारी कुणीतरी तुला विचारेल, हा काय प्रकार. तू म्हणशील, माझी धून यांनी कापली. जरूर म्हण. मग ते विचारतील, काय काय कापलं? तुला एकेक सांगावं लागेल, आणि आईचा थांबा सोडला तर प्रत्येकाचा धनी अजून जिवंत आहे, काका आणि ड्रमवाले दोघंही बोलायला तयार बसलेत. पोरांनी पैज लावली आहे, तू स्वतः फोन करशील की वकील पाठवशील. मी पैज लावली नाही, मी तुला लहानपणापासून ओळखते. तू गप्प बसशील. आणि दादा, ते मात्र खरंच तुझं असेल.

तुझीच,
धाकटी