अ‍ॅल्युमिनियमची पाठ

अण्णा,

एक सल्ला विचारायचा म्हणून लिहायला बसलेय. ज्याला विचारायचा तो माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली हे मला कळतं, तेवढी शुद्धीवर आहे मी. पण पाण्याखालच्या सामानावरून भांडायला मला तुमच्याशिवाय कधी कुणी लागलंच नाही, तर आता जाऊ कुणाकडे? झालंय असं की माझी विंग गेली. पाठीवरचा पत्रा आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसणारी ती हवेची पिशवी, जिच्यात हवा किती यावर आपण तरंगायचं की बुडायचं ते ठरतं, ती पंधरा दिवसांपूर्वी कपाटातून काढून फुगवली. आतल्या पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या, आणि शिवणीतून हवा फुस्स. पत्रा मात्र जसाच्या तसा आहे, नुसता पुसला. तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं की इतकी वर्षं ती कपाटात काय करत होती. सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू द्या, मध्ये बोलू नका.

तुम्ही भेटलात तेव्हा मी चेन्नईत नवी होते, दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. सांगलीची मुलगी, इंजिनिअर, अंबत्तूरच्या एका कारखान्यात मोटारींच्या सीट बनवायच्या खात्यात. राहायला अड्यारला, कारण एका मैत्रिणीने तिथे खोली घेतली होती आणि कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर आईने पोहायला घातलं होतं, ते अंगात भिनलं. अड्यारच्या पोहण्याच्या तलावावर मी सकाळी जायची तर एका टोकाला तुम्ही चार-दोन जणांना सिलिंडर बांधून तळाशी बसवून ठेवलेलं असायचं. एकदा पायरीवरून घसरले आणि तोंडातून अस्सल सांगलीची शिवी गेली. तुम्ही वळून मराठीत विचारलंत, कोण गावची? मी थक्क. तुमची मराठी तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या घरातली, तमिळच्याच चालीवर म्हटलेली. मला ती जुन्या दप्तरातून काढल्यासारखी वाटायची, तुम्हाला माझी बातम्या वाचल्यासारखी. आपण एकमेकांच्या बोलण्याला पोटभर हसलो आणि पुढच्या आठवड्यापासून मीही तळाशी बसायला लागले.

तुम्हाला एक गोष्ट मी कधी बोलले नव्हते. मला आयुष्यभर लोक कोपराला धरत आलेत. बसमध्ये चढताना, देवळाच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत. बिचारे मदतच करतात, पण न विचारता धरतात, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. पाण्यात कुणी धरत नाही म्हणून तर मला पाणी आवडायचं. आणि नेमकं तुमच्याकडे येऊन पाण्यातही धरून घ्यायची पाळी आली. तुम्ही सगळ्यांना जॅकेट घालूनच शिकवायचात. बंडीसारखं अंगात घालायचं, हवा काखेखाली आणि पोटाशी भरायची. चांगल्या दोन पायांच्या माणसांना ते ठीक होतं. माझा डावा पाय हलका, तो वर यायचा, उजव्याने पाणी मारलं की मी कुशीवर व्हायची, जॅकेटमधली सगळी हवा वरच्या काखेत जाऊन मला आणखी उलटवायची. माझं कंबरेचं हाड तिरकं, त्यामुळे बुडता यावं म्हणून बांधायचा शिशाचा पट्टाही खाली सरकायचा. म्हणून तुम्ही एक हात कायम माझ्या सिलिंडरवर ठेवायचात. तलावात, मग चेन्नईजवळच्या कोवलमच्या समुद्रातही. मला वाटायचं, हळूहळू जमेल.

मग एक दिवस कोवलमला, होडी वाळूवर ओढून झाल्यावर, तुम्ही मला बाजूला घेतलंत. मला डायव्हरचं कार्ड हवं होतं, ते असल्याशिवाय पुढे कुणी कुठे पाण्यात घेत नाही, आणि ते द्यायचं की नाही हे तुमच्या हातात होतं. तुम्ही म्हणालात, "माझा हात तुझ्या सिलिंडरवर आहे तोवर कार्ड नाही, मा. ठेवा म्हणालीस तर जन्मभर ठेवीन. पण मग तू डायव्हर नव्हेस, माझं सामान आहेस." मी बसमध्ये बसले आणि अड्यार येईपर्यंत रडले. शेजारच्या बाईने काही न विचारता आपल्या गजऱ्यातला वीतभर तुकडा तोडून माझ्या हातात ठेवला. मला तुमचा इतका राग आला होता की तो गजरा मी रागारागाने केसात माळला.

पुढच्या आठवड्यात तुम्ही घरी बोलावलंत. तुमचा भाचा जहाजावर होता, त्याने सिंगापूरहून दोन पत्रे आणि दोन विंगा आणल्या होत्या. सहज आणल्या, असं तुम्ही म्हणालात. सहज कोण आणतं हो असलं ओझं! तुमच्या बायकोला मी अक्का म्हणायची; त्यांनी इडलीचं पीठ वाटायचा वेट ग्राइंडर कोपऱ्यात सरकवून स्वयंपाकघरात जागा करून दिली आणि सगळं सामान फरशीवर मांडलं. एक पत्रा स्टीलचा, चकचकीत. दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, मळकट. एक विंग घोड्याच्या नालेसारखी, ऐसपैस. दुसरी मेदूवड्यासारखी, लहान आणि गोल. मी गाड्यांच्या धंद्यातली, माझा हात स्टीलवरच पडणार. मी म्हटलं, याचंच वजन एवढं आहे की शिशाचा पट्टा लागायचाच नाही. तुम्ही म्हणालात, थंड समुद्रात जाड सूट घालणाऱ्यांना ते ठीक, त्यांचा सूटच त्यांना वर ओढतो. आपल्याकडे पाणी कोमट, सूट पातळ. खोलात विंग फाटली तर शिसं सोडून देता येतं, पाठ सोडून देता येत नाही, आणि वर यायला तुला एकच पाय आहे. एकच पाय, असं सरळ. बाकी सगळे 'तुमचा प्रॉब्लेम' म्हणायचे. मला ते फार आवडलं, पण तेव्हा दाखवलं नाही.

मोठ्या विंगेवरूनही माझं तेच. जास्त हवा म्हणजे जास्त सुरक्षित, हे आमच्या धंद्याचं डोकं. तुम्ही तोंडाने थोडीशी हवा भरून ती नाल माझ्यासमोर धरलीत, तिरकी केलीत, आणि सगळी हवा एका टोकाला जाऊन बसली. गोल विंगेत मात्र ती फिरून दुसऱ्या बाजूला जायची. म्हणजे गोल आणि लहान, एवढं ठरलं. पण तुमचा स्वतःचाच विंगेवर विश्वास नव्हता. पाण्याच्या वर आल्यावर ही बया माणसाला तोंडावर पाडते, असं तुम्ही कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि मला तुम्ही तोंडावर पडू देणार नव्हता. अक्का इडल्या वाढत होत्या, म्हणाल्या, आधी घालून तर बघा, भांडण नंतर.

तुम्ही घालून बघितलंत. जॅकेटच्या सवयीने हवा टम्म भरलीत आणि तलावात खरोखरच नाकावर आडवे झालात. वर आलात ते खोकत, तमिळमध्ये जे काही म्हणत होतात ते मला आता समजतं, तेव्हा समजत नव्हतं तेच बरं होतं. मला हसू आवरेना. मग मी घातली. माझा जन्म सीटा करण्यात चाललेला, माणूस कशावर कसा टेकतो एवढंच तर मला येतं. हवा अगदी थोडी घेतली, मान मागे टाकली, कंबर पुढे केली आणि खुर्चीत बसावं तशी पाण्यात पडून राहिले. तुम्ही काठावर बसून बराच वेळ बघितलंत आणि "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणालात. तुमच्याकडून 'सरी' मिळवायला माणसाच्या नाकी नऊ यायचे. दुपारी तुम्ही पट्टे कापायला बसलात. पत्र्यातून एकच लांब पट्टा ओवायचा, मध्ये बकल नाही, म्हणून तो ज्याच्या त्याच्या अंगावर बेतावा लागतो. माझा डावा खांदा खाली, कंबर वर. दोन बाजूंची मापं जुळायचं नाव नाही. तुम्ही परत परत घालायला लावलंत, खडूने खुणा केल्यात, आणि हलक्या पायासाठी डाव्या मांडीपाशी शिशाचा एक तुकडा जास्त लावलात.

एवढं सगळं झाल्यावर मी माती खाल्ली. पत्रा माझ्या तिरक्या मणक्याला टोचायचा. आता सीटवाल्या माणसाला काही टोचलं की तो काय करणार? फोम लावणार. आमच्या शिवणखात्यातून पाठीच्या मापाची गादी करून घेतली, पाणी आत जाऊ नये म्हणून वरून रेक्झिन, कडेला पायपिंगसुद्धा. देखणी झाली होती. कोवलमला ती घालून पाण्यात उतरले तर मी बुडेचना. तुम्ही शिसं वाढवलंत, पुन्हा वाढवलंत, तेव्हा कुठे खाली गेले, आणि खोलात पाण्याच्या दाबाने गादीची पोळी झाली. पट्टे सैल, पत्रा एका बाजूला, मी सगळ्या शिशासकट तळाच्या वाळूवर. होडीत आल्यावर तुम्ही गादी अंगठ्याने दाबून पाहिलीत आणि सोफा घेऊन समुद्रात आल्याबद्दल मला जे झापलंत ते होडीवाल्याने पुढे गावभर सांगितलं. गादी त्यालाच दिली. तो तिच्यावर बसून इंजिन चालवायचा, तिचा तेवढा उपयोग झाला. तोवर मी नुसत्या पोहायच्या कपड्यांत उतरायची; पातळ सूट घातला, टोचणं थांबलं.

आणि मग तो दिवस. पाणी हिरवं, फार लांबचं दिसत नाही. मी होडीच्या काठावरून मागे पडते, दोर धरून खाली जाते, खडकांच्या वर थांबते. वाट बघते की आता डावी बाजू वर जाईल. जात नाही. श्वास घेतला की जराशी वर, सोडला की जराशी खाली. माझा पाय माझ्या मागे नुसता आहे, कुणाला काही करत नाही. पाठीवर तुमचा हात असणार असं धरून चालते, आणि तुम्ही समोरून येता. हाताची घडी घातलेली, शाळेतल्या शहाण्या मुलासारखी, दोन्ही हात मला नीट दिसावेत असे. तसेच मागे मागे जाता, दिसत राहाल इतकेच. तोंडात नळी असताना मी ओरडले, अण्णा. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नाही, आणि लग्न माझं प्रेमाचं होतं. कार्ड तुम्ही त्याच संध्याकाळी अक्कांच्या हातून दिलंत, स्वतः आत जाऊन बसलात. तुमचे डोळे लाल होते. खारं पाणी गेलं म्हणालात.

पुढे काही उन्हाळे आपण खूप फिरलो पाण्यात. मग तुम्ही गेलात. समुद्रात नाही, इस्पितळात, झोपेत. मी विंग कपाटात टांगली. विचारणाऱ्यांना सांगायची, नोकरी, संसार, मूल, वेळ कुठे आहे. खरं म्हणजे पाण्याखाली समोर दुसरं कुणी असलेलं मला बघायचं नव्हतं. आता माझा चांगला पायही थकायला लागलाय. जुना पोलिओ कितीतरी वर्षांनी असा हिशेब करतो म्हणे. काठी आली आहे. डॉक्टर म्हणतात, पाण्यात जा, जितकं जाल तितकं चांगलं. मी कोवलमला आता जे नेतात त्यांना फोन केला. तिथली बाई आवाजावरून तरुण, फार गोड बोलली. काळजी करू नका मॅडम, दोन माणसं दोन्ही बाजूंनी धरून नेतील, फोटोही काढतील. मी म्हटलं, माझ्याकडे कार्ड आहे. माझं सामान मी आणीन, आधी तलावात दाखवीन, नाही जमलं तर धरा. ती हो म्हणाली. येत्या रविवारी जायचंय.

तर सल्ला. आता कापडी पत्रेही मिळतात, घडी घालून पिशवीत जातात. माझ्या मणक्याला बरे, पण त्यांना आकार नाही, माझ्या तिरकेपणाबरोबर तेही तिरके होतील. म्हणून पाठ जुनीच ठेवायची, तुमची अ‍ॅल्युमिनियमची. विंग गोलच. एक आणखी लहान, पातळ कापडाची. एक पहिल्याच मापाची, जाड कापडाची. तुम्ही म्हणाल लहान घे, सूट पातळ आहे. मी म्हणेन की अण्णा, सूट पातळ आहे पण मी नाही राहिले.

बरं, आता खरं सांगते. सल्ला नकोच होता. विंग मी मागवली, जाड कापडाची, कालच आली. पट्टे नवे बेतले, आरशासमोर उभी राहून स्वतःच खडूने खुणा केल्या, कापलेली टोकं गॅसवर भाजून बंद केली. मग कुणाला हाक न मारता, भिंतीला टेकून, घरातल्या गाऊनवरच अंगात चढवली. पहिल्या फटक्यात बसली. घरात कुणी नाही, पंखा चालू आहे, काढून ठेवायला जीव होत नाही. हे पत्र पहिल्या ओळीपासून मी ती घालूनच लिहितेय, आणि थोडी हवाही भरलीय.