आमचं काय, बरं हाय

ताडकळस,
१४ डिसेंबर १९८६

ती. बापूमामांस प्रभावतीचा साष्टांग नमस्कार. आपली व मामींची प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत. (हे वाक्य पद्धत म्हणून लिहिलं आहे, पुढे वाचावं.)

मी बी.ए. झाले म्हणून मला गावाच्या आरोग्य समितीत घेतलं, हे आपणांस कळलंच असेल. (चहा कोणी करायचा हा समितीचा जुना प्रश्न त्यामुळे सुटला.) झिजलेल्या गुडघ्यांत द्यायची सुई गावाच्या पैशातून मिळावी, असा ठराव मी मांडला. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की झीज भरून येत नाही, दुखणं काही आठवडे थांबतं, तेही सगळ्यांचं नाही. त्यावर अध्यक्ष माणिकराव म्हणाले की ओसरणाऱ्या औषधावर गावाचा पैसा कशाला, त्यापेक्षा साप चावल्यावरचं औषध आणून ठेवू. मी म्हटलं, भाकरीचाही गुण संध्याकाळपर्यंत ओसरतो. सगळे हसले. पण सापाचा मुद्दा मलाही पटला, आजही पटतो. शेवटी एखादा रोगी डोळ्यांनी बघावा, मग ठरवावं, असं निघालं. मी आईला नेलं.

इथे माझं शिक्षण नडलं. माणिकराव आईचे थोरले दीर लागतात, हे मी विसरले. मी तिच्यासाठी खुर्ची मांडली. तिने पदर पुढे ओढला, खुर्चीकडे पाहिलंही नाही, भिंतीला धरून खाली बसली आणि वर रीत म्हणून मांडी घातली. पदराआड दाबलेले ओठ कुणाला दिसणार? माणिकरावांनी विचारलं, कसं काय. ती म्हणाली, "आमचं काय, बरं हाय."

"ही तर माझ्यापरीस बेस बसली की," माणिकराव सगळ्यांना म्हणाले.

ठराव पडला. (सापाचं औषधही मंजूर झालं नाही, तो विषय पत्रिकेवर नव्हता.) मी माणिकरावांच्या मागे भांडत वेशीपर्यंत गेले. परत आले तर आई तिथेच, तशीच.

"समदे गेले का?" तिने विचारलं. "मग मला उठीव, बाई."

माझ्या एकटीने ती उठेना. शेजारच्या धुरपताबाईंना बोलवावं लागलं.

आपली भाची,
प्रभावती

ता.क. आपल्या ओसरीतली वेत फाटलेली खुर्ची एसटीच्या टपावर टाकून पाठवावी. वेत विणून घेऊ नये, भोक हवं आहे. पहाटे ओढ्याकडे जाऊन बसणं आईला आता जमत नाही.

आणखी एक. आईने आपल्या गुडघ्यांची चौकशी केली आहे. उत्तरात 'बरं आहे' असं लिहू नये.