गेटवेचा दगड कोरा ठेवला आहे

॥ श्री ॥

बोरिवली,
१४ ऑक्टोबर १९५४

चि. विद्याधर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं रजिस्टर पार्सल सोमवारी पोचलं. गेटवेचे रंगवायचे बारा काळे-पांढरे फोटो, निळ्या आणि तपकिरी रंगाची एकेक बाटली, कापसाची गुंडाळी. निळी बाटली जराशी पाझरली होती, पण फोटोंना लागलं नाही, देवाची कृपा. टपालाचे तेरा आणे आणि रंगांचे दोन रुपये माझ्या मजुरीतून कापून घे. भाऊ म्हणून सोडू नकोस. इकडे सर्व खुशाल. ह्यांचा खोकला अडुळशाने उतरला. शुभाला मळमळतं म्हणतोस, तिच्यासाठी आवळ्याची सुपारी करून ठेवली आहे.

तुझ्या आधीच्या पत्रातली अण्णांची थट्टा वाचली. पहिल्या वेळी मी गेटवे काळा रंगवला. आपल्या गावच्या देवळाचा दगड काळा, तेव्हा मोठी इमारत म्हणजे काळीच, असं धरून चालले. मग तू लिहिलंस, "ताई, पिवळा गं!" मी पिवळा केला. तर तुमच्या स्टुडिओचे मालक अण्णा म्हणतात, "विद्याधर, तुझ्या बहिणीनं गेटवेला हळद लावली. आता मुहूर्त कधीचा?" मलाही हसू आलं. पण पुढची ओळ वाचली आणि गेलं. ह्या खेपेचे बिघडले तर रंगवायचं काम दुसऱ्या बाईकडे.

विद्या, हे काम जाऊ देऊ नकोस. दुपारी कापसाची काडी हातात घेतली की मी या खोलीत नसते रे.

पण पिवळा म्हणजे कोणता? बेसनाचा, की सारवलेलं अंगण वाळल्यावर दिसतं तो? ह्यांना विचारलं, रोज फोर्टात जातात. तर म्हणाले, "दगडासारखा असतो दगड." मग आपणहून म्हणाले, "जाऊन बघून ये की. चर्चगेटला उतर, कुणालाही विचार."

मग अडलं कुठे, म्हणशील. घरचं आवरत नाही, असं मी मागे लिहिलं होतं. दोन माणसांचं घर, न आवरायला काय झालं? सासूबाई होत्या तोवर म्हणत, "एकटी बाई गाडीत चढत नाही." त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता कुणी काही म्हणत नाही.

ललितापंचमीला गेले होते. देवापुढे साखर ठेवली, धुवट पातळ नेसले, तिकीट काढलं. गाडी आली. पाऊल उचलेचना. भीती कसली, ते मलाच सांगता येत नाही. दांडी धरायला हात पुढे केला, तो हात माझा नव्हेच असं वाटलं. मागून एक कोळीण टोपली घेऊन आली, "अगो बाय, चढतेस का वाट अडवतेस?" मी बाजूला झाले. ती चढली, गाडी गेली. नंतरचीही गेली. मग बाकावर बसून राहिले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "बघितलास गेटवे?"

मी हो म्हणाले. नवरात्रात, उपासाच्या तोंडानं. हे इतके खूश झाले की शेजारच्या सुलक्षणाबाईंना सांगून आले, "आमची ही एकटी फोर्टात जाऊन आली!" आता त्या माझ्यामागे लागल्या आहेत, मलाही न्या हो तिकडे. आणि ह्यांना 'सोबत चला' म्हणायला मला तोंड राहिलं नाही. रोज देवापुढे बसते, पण दिवा लावताना मान वर होत नाही.

भाऊबीजेला तू येशीलच. ओवाळणीत पातळ आणू नकोस, पैसेही नकोत. मला गेटवेला ने. गाडीत चढताना हात धर. लहानपणी ओढ्यावरच्या साकवावरून मी तुला धरून न्यायची ना, तसा. बायको असली तरी शुभाला सांगू नकोस. आणि हसू नकोस रे.

अण्णांना म्हणावं, फोटो दिवाळीनंतर मिळतील. बाराही फोटोंत आभाळ रंगवून झालं, समुद्र झाला, होड्यासुद्धा झाल्या. दगड तेवढा कोरा ठेवला आहे.

हे पत्र वाचून जाळून टाक. उत्तर कार्डावरच लिही, पाकीट पाहून ह्यांना शंका यायची; कार्ड हे माझ्याआधी वाचतात. त्यात एवढंच असू दे, की भाऊबीजेला येतो, ताईला फिरायला नेतो. येतोस ना, ते उलट टपाली कळव.

तुझी वाट पाहणारी,
उत्तराताई